अंगावरचा टाका

एका राज्यात गोष्टी सांगत नसत, शिवत असत. कोणाच्या घरी पाळणा हलला, कोणाचं लग्न ठरलं, कोणी परमुलखातून परत आलं, की घरच्या बाया सुई-दोरा घेऊन बसत आणि झालं ते कापडावर उतरवत. तोंडची गोष्ट वाऱ्यावर जाते, टाक्यातली धुतली तरी जात नाही, असं तिथले लोक म्हणत. राज्य मोठं होतं, राजा शूर होता, आणि गोष्टींना तोटा नव्हता.

त्या राज्यात कमळजा नावाची एक बाई कशिदा काढत असे. लहानपणी ती आईच्या जुनेराला ठिगळं लावायची. आई म्हणायची, फाटलं तिथे नुसतं ठिगळ नको, काहीतरी घाल त्यात. मग कमळजा फाटलं तिथे बेडूक घाली, मांजर घाली, कमरेवर हात ठेवून भांडणाऱ्या जावा घाली. गावातल्या बाया आपली फाटकी लुगडी घेऊन येऊ लागल्या. काहींनी तर धडकी लुगडी मुद्दाम फाडली, असंही मागाहून बोललं गेलं.

तिच्या हाताला एक गुण होता. तिने काढलेल्या घोड्यावर तळवा ठेवला की तो फुरफुरे, आणि तिने काढलेल्या नदीला कान लावला की पाणी ऐकू येई. गावातून पेठेत, पेठेतून राजधानीत तिचं नाव गेलं, आणि एके दिवशी राजा उदयकेतूने तिला बोलावून आपल्या पराक्रमाचा शेला तिच्या हाती सोपवला. नवरा मागेच वारला होता. लेक सोनकी नुकती पाऊल टाकू लागली होती. लेकीसाठी कमळजाने एक गोधडी शिवायला घेतली होती. तिचे तीन कोपरे झाले होते. चौथा परत आल्यावर करू, असं म्हणून तिने गोधडी पेटीत ठेवली, लेकीला बहिणीच्या ओटीत घातलं आणि ती राजवाड्यात गेली.

शेला झाला तो असा, की पाहणाऱ्याने तोंडात बोट घालावं. राजा तो पांघरून विजयाच्या मिरवणुकीला निघाला. हत्ती बसला, शिडी लागली, राजाने पाऊल उचललं, आणि शेल्याचा काठ खांद्यापाशी चरचर उसवला. कमळजाला धावत आणलं गेलं.

ती म्हणाली, "महाराज, शेला उतरवून द्या. अंगावरच्या कापडाला टाका घालू नये. घातला तर कापडाबरोबर आयुष्यही शिवलं जातं."

"मुहूर्त टळेल," राजा म्हणाला. "अंगावरच घाल."

"मग दातांत गवताची काडी धरा. काडी धरली की टाका कापडापुरता राहतो. आमच्यात लहान पोरालाही धरायला लावतात."

राजाने समोरच्या गर्दीकडे पाहिलं. मांडलिक होते, सरदार होते, कालपरवा हरलेले दोन राजेही होते. "दाती तृण शरण आलेला धरतो," तो म्हणाला. "मी जिंकून आलो आहे. टाका घाल."

राजापुढे शहाणपण चालत नाही. कमळजाने टाका घातला, दोरा तोडायला दातांखाली धरला, आणि दोरा काही तुटेना. शेवटी सुई तशीच लोंबत ठेवून राजा हत्तीवर चढला.

दुसऱ्या दिवशी उजाडताना पाहावं तर शेला वीतभर वाढलेला. वाढलेलं कापड कोरं. दिवस मावळेपर्यंत ते कोरंच राहिलं, तसा शेला राजाच्या गळ्याभोवती आवळू लागला. कमळजाने लोंबती सुई उचलून घाईघाईने त्यावर एक हत्ती काढला, तेव्हा कुठे राजाने श्वास घेतला. त्या दिवसापासून शेला राजाच्या अंगावरून उतरला नाही. रोज पहाटे तो वीतभर वाढायचा आणि रोज मावळतीच्या आत ती वीत कमळजाने भरायची. राजा म्हातारा होईना, आणि त्याच दोऱ्यात अडकलेली कमळजाही होईना. दोघांचं वय त्या टाक्यापाशी थांबलं.

आधी बरं वाटलं. मरण टळलं तर कोणाला नको असतं? पण गोष्ट पुरवून पुरवून किती पुरवणार. लढाया संपल्या. शिकारी संपल्या. राजा गादीवर बसून राहू लागला आणि वीत काही वाढायची थांबेना. मग कमळजा न घडलेलं शिवू लागली. एकदा राजाने दिवसभरात काय केलं, तर दोनदा मागून खीर खाल्ली. त्याचं तिने क्षीरसागराचं मंथन केलं. राजाला ते फार आवडलं, आणि पुढे पुढे आपण खरंच सागर घुसळला होता असं तो पाहुण्यांना सांगू लागला. राजाचा मुलगा वाट पाहून पाहून वारला. नातवाच्या मिशा पिकल्या तरी भालदार त्याला युवराज म्हणूनच ललकारत, आणि तो बिचारा मान खाली घालून जाई.

सोनकी मोठी झाली, तिचं लग्न झालं, तिला नातवंडं झाली. माय-लेकी भेटत तेव्हा परके लोक सोनकीलाच आई समजत. पुढे सोनकी अंथरुणाला खिळली. तिचा निरोप आला, की आई, एकदा येऊन जा, थंडी वाजते. कमळजा निघाली. वाट एका दिवसाची नव्हती, म्हणून सुई आणि शेल्याचं टोक तिने बरोबर घेतलं होतं, पण शेला तेव्हा नदीपर्यंतही पोहोचत नव्हता. ती ताणेल तिथवर गेली, आणि तिकडे राजवाड्यात राजा ओरडू लागला, तशी तिला मागे वळावं लागलं. सोनकी गेली. त्या दिवशीच्या वितीवर कमळजाने राजाचा कुठलासा विजय काढला. कुठला, ते तिलाही आठवत नाही. त्यानंतर ती हसली नाही, आणि रडायलाही तिला सवड झाली नाही. ती फक्त थकली. असा शीण, की झोपून उठलं तरी तो उशाशी बसलेला असावा.

शेला मात्र वाढतच राहिला. राजवाड्यातून बाहेर पडून तो पेठेतून गेला, वेशीबाहेर गेला. कोंबड्या त्यावर अंडी घालू लागल्या आणि म्हशी त्याला वळसा घालून पाण्याला जाऊ लागल्या. एके दिवशी राजा म्हणाला, "कमळजे, हा जड झाला. मान मोडून आली. यातून सोडव."

"काडी धरा आणि टाका उसवू द्या, महाराज."

"तेवढं सोडून सांग."

तिच्या खिडकीत एका मोठ्या पानाच्या कडा शिवून शिंपी पक्ष्याने घरटं केलं होतं. तो बोलत असे. कमळजाने त्याला विचारलं. पक्षी म्हणाला, "जांभूळवनातल्या मांत्रिकाची कात्री आण. कोरड्या बारवेतल्या नागाचं विष आण. मग तिसरी गोष्ट माझ्या घरट्यातून घेऊन जा."

"तिसरी आत्ताच दे. पाय दुखतात."

"आत्ता दिली तर राजा म्हणेल, बाकीचे उपाय करून पाहिलेस का? मग तुला परत निघावं लागेल. त्यापेक्षा जाऊन ये."

पक्ष्याचं खरं होतं. कमळजाने शेल्याचं टोक खांद्यावर टाकलं, सुई टोचून ठेवली आणि ती निघाली. दिवसा चालायचं आणि मावळतीआधी बसून वीत भरायची, असा तिचा प्रवास. आता शेला जांभूळवनापर्यंत पुरत होता. ज्या वाटेवर लेकीसाठी तो पुरला नव्हता, तीच वाट होती. नदी ओलांडताना ती थांबली, सोनकीच्या गावाकडे पाहून घेतलं आणि पुढे चालू लागली.

मांत्रिक जांभळाच्या ढोलीत राहत होता. त्याने कात्री दाखवली. ती पाणी कापत होती, सावली कापत होती. मोल काय, असं कमळजाने विचारलं. "तुझ्या डोळ्यांतला तांबडा रंग," तो म्हणाला. कशिदा काढणारीला तांबडा देणं म्हणजे सुगरणीने मीठ देऊन टाकणं. तरी कमळजाने दिला. मांत्रिकाने तो चिमटीत उचलून डबीत ठेवला, आणि कमळजाला जास्वंद राखेच्या रंगाची दिसू लागली. तिने तिथेच शेल्यावर कात्री चालवली. कापड कापलं, आणि दोन्ही कडा पुन्हा एकमेकींना चिकटल्या. "हिला एवढं एक जमत नाही," मांत्रिक म्हणाला आणि ढोलीत शिरला. रंग त्याने परत केला नाही.

कोरड्या बारवेच्या तळाशी एका शापित धनावर नाग वेटोळं घालून बसला होता. धन सोडून त्याला हलता येत नव्हतं, आणि घासायला दगडापर्यंत पोहोचता येत नसल्यामुळे त्याची कात अंगावरच वाळून गेली होती. कमळजाने विष मागितलं.

"विषाने दोरा कुजत नाही," नाग म्हणाला. "दोऱ्याखालचा माणूस कुजतो. नेतेस?"

"नको," कमळजा म्हणाली, आणि पायरीवर बसली. एवढ्या पायऱ्या परत चढायच्या होत्या. तिने नागाकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांवरही कातीचा पडदा होता. आपल्यासारखाच हाही अंगावरचं उतरत नाही म्हणून शिणला आहे, असं तिला वाटलं. तिने सुईचं टोक पुढे केलं आणि शेपटीकडून कात मोकळी करायला घेतली.

"तिथून नाही, बाई," नाग म्हणाला. "कात तोंडापासून सुटते. आधी तोंड मोकळं करावं लागतं, बाकीची आपोआप येते."

कमळजाने त्याच्या ओठांशी सुई फिरवली. कात सुटली आणि शेवटपर्यंत अखंड निघाली. तसा शापही सुटला, नागाखालच्या धनाची माती झाली, नाग मोकळा होऊन सळसळत पायऱ्या चढून गेला. कमळजा त्याच्या मागून सावकाश चढली.

परत येऊन तिने खिडकीतल्या शिंपी पक्ष्यापुढे हात केला. पक्ष्याने घरट्यातली एक काडी चोचीने ओढून तिच्या हातावर ठेवली. तिला नवल वाटलं नाही. नवल वाटायलाही जोर लागतो.

राजा दरबारात बसला होता. पिकल्या मिशांचा युवराज बाजूला उभा होता. कमळजाने शेल्याचं टोक राजाच्या पायांशी आणलं, खाली बसली आणि त्या दिवशीच्या कोऱ्या वितीवर गवताची एकच हिरवी काडी काढली. मग सुई मांडीवर ठेवली.

"बाकीची वीत कोरी आहे," राजा म्हणाला. "दिवस कलला."

"माझ्यापाशी आता एवढीच गोष्ट उरली आहे, महाराज. कात्री चालली नाही, विष कामाचं नव्हतं. हे तिसरं." तिने काडी पुढे केली.

राजाने काडीला हात लावला नाही. शेला हळूहळू आवळू लागला होता. युवराजाने एक पाऊल पुढे टाकलं आणि तो थांबला. कमळजाचा हात सुईकडे गेला, इतक्या वर्षांची सवय ती, पण तिने तो मागे घेतला.

"लोक काय म्हणतील?" राजाने विचारलं. त्याचा आवाज अगदी लहान झाला होता.

"कोणते लोक, महाराज?"

"ते मांडलिक. ते सरदार. ते हरलेले दोघे."

"ते गेले, महाराज. त्यांची मुलंही गेली. त्या दिवशी जे बघत होते, त्यांतलं आता कोणी नाही. तुम्ही आहात आणि मी आहे. आणि मी कोणाला सांगणार? माझं ऐकणारीही गेली."

राजाने दरबारभर नजर फिरवली. त्या दिवसाचा एकही चेहरा नव्हता. ज्यांची लाज धरली, त्यांची राखही उरली नव्हती. त्याने मान खाली घातली. मग मुकुट काढून युवराजाच्या हाती दिला, काडी घेतली आणि दातांत धरली.

कमळजा उठली. खांद्यावरचा टाका तिने सुईच्या टोकाने उचलला. तो सैल झाला, सुटला, आणि शेला राजाच्या अंगावरून घसरून जमिनीवर पडला. वेशीबाहेरून, पेठेतून, नदीकाठावरून सगळा शेला आक्रसत मागे आला. जे घडलं नव्हतं ते सगळं त्यातून गळून गेलं. उरला तो खांद्यावर मावेल एवढा जुना शेला आणि त्याच्या टोकाला एक हिरवी काडी. राजाचे केस पांढरे झाले, गाल बसले, हात थरथरू लागले. तो हसला. "किती हलकं वाटतं," तो काडी दातांत धरूनच म्हणाला, आणि त्याच संध्याकाळी, नातवाच्या मांडीवर डोकं ठेवून, सुखाने गेला. नातू गादीवर बसला. भालदार चुकून युवराज म्हणाला आणि त्याने जीभ चावली.

कमळजाही वाकली. तिची सगळी वर्षं एकदम तिच्या पाठीवर आली. नव्या राजाने पालखी देऊ केली, ती तिने घेतली, कारण खरोखरच चालवत नव्हतं. ती सोनकीच्या घरी उतरली. पणतवंडांनी तिला ओळखलं नाही, पण विचारल्यावर पेटी दाखवली. पेटीत गोधडी होती, तीन कोपऱ्यांची. सोनकीने ती तशीच जपून ठेवली होती. शेजारी लुगड्याचा एक तुकडा होता.

शिंपी पक्षी पालखीच्या दांड्यावर बसून आला होता. कमळजाने तुकडा त्याच्यापुढे धरला. "हा मला राखेसारखा दिसतो. कोणत्या रंगाचा आहे?"

"तांबडा," पक्षी म्हणाला.

"मग सोनकीचाच," कमळजा म्हणाली. "तिला दुसरा रंग आवडत नसे."

दारात बसून तिने तो तुकडा चौथ्या कोपऱ्याला लावला. त्यात काही काढलं नाही, नुसता धावदोरा घातला. गाठ मारली, दोरा दातांखाली धरला. दोरा तुटला. मग तिने गोधडी पांघरली आणि लेकीच्या उंबऱ्याशी डोकं टेकून झोपली. तिला उठवायला कोणी गेलं नाही.

जशी तिची गाठ वेळेवर बसली, तशी तुमची-आमची बसो. अंगावर टाका घालाल तर काडी धरायला विसरू नका. कहाणीने इथे दोरा तोडला.