पाटावर कोण बसणार?

"आठ सामने खेळलास, आठही जिंकलास. पण ते तुझ्यामुळेच जिंकले कशावरून?" आंबेवळणच्या महाराजांनी मिशीला पीळ देत विचारलं.

समोर उभा होता दस्तगीर पखाली. रेड्याच्या पाठीवर पखाल लादून संस्थानच्या फुटबॉल मैदानावर पाणी मारणं, हे त्याचं वीस वर्षांचं काम. ऐन हंगामात संघाच्या जुन्या वस्तादांचे गुडघे धरले आणि ते गावी निघून गेले. दुसरं कुणी दिसेना, म्हणून महाराज म्हणाले होते, "नवा माणूस मिळेपर्यंत तूच सांभाळ." तेव्हापासून दस्तू हंगामी वस्ताद. आता हंगाम संपत आला होता, शेवटचा सामना उद्यावर होता आणि दस्तूनं कायमची नेमणूक मागितली होती.

कारभारी विसाजीपंतांच्या पोटात दुखायला लागलं. त्यांना तिथं आपला भाचा बसवायचा होता. भाच्यानं फुटबॉलवर तीन पुस्तकं वाचली होती, चेंडूला मात्र पाय लावला नव्हता.

"सरकार, खेळाडू मुळात चांगले," पंत म्हणाले. "पाणक्याचं त्यात काय कर्तृत्व?"

महाराज हट्टी. डोक्यात एक किडा वळवळला की तो बाहेर काढल्याशिवाय त्यांना जेवण जात नसे. ते म्हणाले, "दस्तू, उद्या तू मैदानात पाऊल टाकायचं नाही. संघ हरला, तर तू पोरांना काही शिकवलंच नाहीस. संघ जिंकला, तर तुझी गरजच नाही. आता बोल, कसा होतोस कायमचा?"

पंत गालातल्या गालात हसले. हरला तरी दस्तू घरी, जिंकला तरी घरी!

दस्तूनं मान खाजवली. "कबूल, सरकार. फक्त एक अडचण हाय. पाट मोकळा ऱ्हाईल."

ही आंबेवळणची जुनी रीत. मैदानाच्या कडेला शिसवी पाट मांडायचा, त्यावर वस्तादानं बसायचं. पाट मोकळा असला, तर संघ मैदानात उतरत नाही. पहिल्या दिवशी दस्तू त्यावर बसला तेव्हा पोरं फिदीफिदी हसली होती. पखाली आता आम्हाला खेळ शिकवणार! तेव्हा दस्तूनं त्यांना एकच नियम घालून दिला होता. पाटावरून शब्द आला की आधी पळायचं, विचार मागनं करायचा.

"मग बसवू कुणाला तरी," महाराज म्हणाले.

"कुणाला तरी कशाला? सरकार सोताच बसले तर पाटाची शोभा वाढंल."

महाराज खूश झाले. इतकी वर्षं मंडपातून ओरडून ओरडून त्यांचा घसा बसायचा आणि कुणी ऐकायचं नाही. "बसतो," ते म्हणाले. "त्यात काय मोठंसं?"

दुसऱ्या दिवशी सामना खैरवाडीशी. सगळं संस्थान लोटलं होतं. दस्तू हुकुमाप्रमाणे बाहेर, कुंपणाच्या भिंतीपलीकडे, आपल्या रेड्यावर बसून बघत होता.

शिट्टी झाली आणि पाटावरून आवाज आला, "सगळे पुढे चला!"

सगळे पुढे गेले.

"तो गोलकीपर नुसता उभा काय राहिलाय? फुकट पगार खातो? त्यालाही पुढे पाठवा."

गोलकीपरनं एकदा पाटाकडे पाहिलं, एकदा मोकळ्या जाळ्याकडे पाहिलं आणि धावत सुटला. खैरवाडीच्या पोरानं चेंडू लांबून हळूच ढकलला. पहिला गोल.

"मागे या! सगळे मागे या!"

अकराच्या अकरा जण आपल्याच गोलात दाटीवाटीनं उभे राहिले. कर्णधार नरसूच्या गुडघ्याला लागून चेंडू आत गेला. दुसरा गोल. मग महाराजांनी डावीकडच्यांना उजवीकडे आणि उजवीकडच्यांना डावीकडे पळवलं. ते मधोमध एकमेकांवर आदळले आणि खैरवाडीनं चालत जाऊन तिसरा गोल केला.

मध्यांतर झालं. घामाघूम महाराज तरातरा भिंतीपाशी आले. मागून पंत, चेहऱ्यावर दिवाळी.

"लागला निकाल," महाराज गरजले. "तीन गोल खाल्ले! तू पोरांना काहीच शिकवलं नाहीस."

दस्तू रेड्यावरून खाली उतरला, मुजरा केला. "एक गोष्ट शिकवली हुती, सरकार. पाटावर जो बसंल त्येचं ऐकायचं. आज एकानं तरी सरकारांचा शब्द मोडला का?"

महाराजांना नरसू आठवला, गोल मोकळा टाकून पळालेला गोलकीपर आठवला. आधी मिशी हलली, मग पोट हललं आणि मग महाराज इतके हसले की त्यांचा फेटा सुटला.

"चल आत," ते म्हणाले.

"कसा येऊ? मैदानात पाऊल टाकायचं न्हाई, असा हंगामी वस्तादाला हुकूम हाय."

"मग कायमचा वस्ताद म्हणून ये!"

पाच हजार माणसांनी ते ऐकलं. दस्तू भिंत ओलांडून पाटावर जाऊन बसला. गोलकीपर गोलात गेला, डावे डावीकडे, उजवे उजवीकडे. आंबेवळणनं दोन गोल केले. तिसरा होता होता राहिला, तेवढ्यात शिट्टी झाली.

पंतांना राहवेना. "सरकार, हरलाच की हो तुमचा कायमचा वस्ताद!"

"पंत, नीट मोजा," महाराज म्हणाले. "दस्तूच्या डावात आपण दोन-शून्यनं जिंकलो. तीन-शून्यनं हरलो ते आमच्या डावात."

त्यांनी आपला सुटलेला फेटा दस्तूच्या डोक्याला बांधला, तिथल्या तिथे सनद लिहायला लावली आणि विचारलं, "आणखी काय हवं ते माग."

दस्तूनं फेटा सावरला. "फकस्त येवढंच, सरकार. पुढच्या हंगामात आपण मंडपातच बसावं."

महाराजांचं हसणं खैरवाडीच्या वेशीपर्यंत ऐकू गेलं म्हणतात.