घरच्या माणसाचा ठोसा

एकदा एका वृद्ध सैनिकाने निवृत्तीनंतर आपल्या तालुक्याच्या गावी मुष्टियुद्धाची तालीम काढली. वऱ्हाडातला भाग. कापसाचे जिनिंग बंद पडून एक गोदाम रिकामे झाले होते, ते त्यांनी मालकाची मनधरणी करून मागून घेतले. मधोमध दोऱ्या ताणून रिंगण केले, तुळईला वाळू आणि चिंध्या भरलेले पोते टांगले आणि दारावर पाटी न लावताच शिकवायला सुरुवात केली. सगळे त्यांना वस्ताद म्हणत. मिशा भरघोस, बोलणे मात्र अगदी मोजके.

त्या तालमीचा एक शिरस्ता होता. सरावाची लढत लागण्याआधी मनगटाला आणि बोटांना जी लांब पट्टी गुंडाळतात, ती कुणी स्वतःची स्वतः बांधायची नाही. ती समोरच्याने बांधायची. म्हणजे ज्या हाताचा ठोसा आपल्याला खायचा आहे, तो हात आपणच नीट, घट्ट बांधून द्यायचा. नवीन आलेल्याला हे विचित्र वाटे. कारण विचारले, तर वस्ताद म्हणत, "आंधी बांध तं खरं, मंग इचार."

या तालमीत प्रणिता देशभ्रतार नावाची एक तरुणी दाखल झाली. ती एका लॅबमध्ये रुग्णांचे रक्त काढायचे काम करी. हात इतका हलका, की लहान मुलेसुद्धा तिच्यापुढे निमूट दंड उघडा करत. एके दिवशी रिपोर्टला उशीर झाला म्हणून एका रुग्णाच्या नातेवाइकाने तिला जोरात ढकलले. ती टेबलावर आपटली आणि आपटता आपटता त्यालाच "सॉरी" म्हणाली. ढकलले कुणी, माफी मागितली कुणी! ते तिला आत कुठेतरी सलत राहिले आणि त्याच आठवड्यात ती गोदामाच्या दारात येऊन उभी राहिली.

शिकण्यात ती हुशार निघाली. डावा पाय पुढे, हनुवटी खाली, कोपरे बरगड्यांशी, हे तिला एकदाच सांगावे लागले. दोरीवरच्या उड्या मारून पोटऱ्या अशा धरल्या, की जिना आडवी होऊन उतरायची. पण दुसऱ्या दिवशी हजर. डाव्या हाताचा सरळ ठोसा तर असा बसे, की ते अवजड पोते हेलकावे खाई आणि बाजूची पोरे माना वळवून पाहत. वस्ताद मिशीतल्या मिशीत हसत. त्यांना आनंद होण्याचे कारण वेगळेच होते, आणि त्या कारणाचे नाव होते चंदा तायडे.

चंदा ही त्या तालमीतली सर्वांत चपळ मुलगी. राज्याच्या निवड चाचणीत मात्र ती दरवर्षी मार खाऊन परते. कारण साधे होते. तिच्या वजनाची दुसरी मुलगी गावात नव्हती, आणि तालमीतली पोरे मुलीला मारायचे म्हणजे फुंकर घातल्यासारखे मारत. खरा ठोसा तिला भेटे तो थेट परगावी, पंचासमोर, आणि तो लागला की ती भांबावून जाई. वयाच्या मर्यादेमुळे यंदाची चाचणी तिची शेवटची होती. जिंकली तर निवासी प्रशिक्षण केंद्रात राहणे, खाणे, शिक्षण, सगळे. हरली तर घरच्यांनी स्पष्ट सांगितले होते, की आता हा नाद पुरे. अशा वेळी नेमकी तिच्याच वजनाची, असा डावा हात असलेली प्रणिता आली. वस्तादांना वाटले, देवच पावला.

पण रिंगणात उतरल्यावर प्रणिताचे काही वेगळेच सुरू झाले. ठोसा मारण्याआधी ती हळूच म्हणे, "सांभाळ हं." मग कापूस टेकवावा तसा हात टेकवी. आणि वर विचारी, "लागलं का गं?" तोंडात दात वाचवायची रबरी कवळी, त्यामुळे ते शब्द बोबडे येत आणि पोरांची हसून मुरकुंडी वळे. लॅबमध्ये दिवसभर जे बोलायचे, तेच इथे. चंदा बिचारी समोर उभी. तिला धड राग येईना आणि धड हसू येईना.

आपल्याकडे मऊपणाचे फार कौतुक. मऊ बोलावे, मऊ वागावे, कुणाला दुखवू नये, हे आपण मुलींना दूधभाताबरोबर भरवतो आणि पुढे कुणी त्यांना ढकलले की "तू गप्प का बसलीस?" म्हणून त्यांनाच ओरडतो. मला या दुटप्पीपणाची चीड येते. असो. वस्ताद माझ्यासारखे चिडले नाहीत. त्यांनी बरेच दिवस वाट पाहिली. "जोर लाव" म्हणून सांगून पाहिले. प्रणिता मान डोलवी आणि पुन्हा तेच करी.

चाचणी तोंडावर आली, तेव्हा एका संध्याकाळी वस्तादांनी चंदाला कोपऱ्यात नेऊन तिच्या कानात काहीतरी सांगितले. चंदाने डोळे विस्फारले, मग मान हलवली. लढत लागली. आणि चंदाने, त्या विजेसारख्या चपळ चंदाने, प्रणिताच्या गालाला हातमोजा नुसता लावला. "सांभाळजा हं ताई," ती म्हणाली. पुन्हा लावला. "लागलं काय, ताई?" पुन्हा लावला. "बसता काय जरा? पाणी आनू?"

प्रणिता आधी हसली. मग तिचे हसू ओसरले. पोरे दोऱ्यांना टेकून पाहत होती. इतके दिवस घाम गाळला, पोटऱ्या धरल्या, गुडघे काळेनिळे झाले, आणि ही मुलगी आपल्याला पाळण्यातल्या बाळासारखे थोपटते आहे! तिचा चेहरा लालबुंद झाला. तिने तोंडातली कवळी काढली आणि ओरडली, "थट्टा करतेस का माझी? मी काय काचेची आहे? मारायचं तर नीट मार!"

वस्ताद दोरीखालून वाकून रिंगणात आले.

"राग आला?" त्यांनी विचारले.

"येणार नाही का, वस्ताद? हिने मला काहीच किंमत दिली नाही."

"हेच तू तिले रोज करतं," वस्ताद म्हणाले. "पोरी, लॅबमंदी जो तुह्यासमोर बसते तो आजारी असते. त्याले जपलंच पायजे, ते तुह्यं पुण्याचं काम हाय. पन चंदी आजारी हाय काय? तू तिले जपतं म्हणजे मनातून तिले दुबळी समजतं. इथं पट्टी समोरच्यानं काऊन बांधायची, इचारत होती ना तू? ज्यानं तुह्या हाताले एवढी घट्ट पट्टी बांधली, तो तुले सांगून राह्यला का मी तयार हाओ, ये पुऱ्या जोरानं. तिनं काय हळदीकुंकवासाठी बांधली काय ते? चाचणीत जे पोरगी हिच्यासमोर येईन, ते काही लागलं काय म्हणून इचारनार नाई. मंग हिनं पयला खरा ठोसा कोनाचा खावा? तिथं परक्याचा, का इथं घरच्या मानसाचा?"

एवढे बोलून ते आले तसे दोरीखालून बाहेर गेले. त्यांच्या हयातीतले ते बहुधा सर्वांत लांब भाषण असावे.

प्रणिताने कवळी पुन्हा तोंडात घातली. तिने चंदाकडे पाहिले. पहिल्यांदाच तिला तिथे सुई टोचायचा दंड दिसला नाही, जपायची कातडी दिसली नाही. तिच्या बरोबरीची, तिच्यावर भरवसा ठेवून उभी असलेली एक लढवय्यी दिसली. वस्तादांनी शिट्टी वाजवली. चंदा पुढे आली, आणि प्रणिताचा डावा हात खांद्यातून सरळ सुटला.

चंदा धपकन खाली बसली. नाकातून रक्ताची बारीक धार आली. "लागलं का?" म्हणायला प्रणिताचे ओठ उघडले. पण तिने ते मिटले, हात वर घेतले, हनुवटी खाली केली आणि जागेवर उभी राहिली. चंदाने मनगटाने नाक पुसले. रक्त पाहिले. आणि ती खदखदून हसली.

"आता कसं!" ती उठत म्हणाली. "अवं ताई, हे आंधीच द्याचं ना!"

मग तिने उलटून जो ठोसा दिला, त्याने प्रणिताच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. पण ती पडली नाही. आपण इतकी वर्षे ज्याला भ्यालो ते एवढेच होते, हे कळून तिला असा काही आनंद झाला, की ती कवळीतल्या कवळीत हसू लागली. दोघी घामाने निथळेपर्यंत लढल्या, आणि पोरे टाळ्या पिटत राहिली. त्या दिवसापासून चाचणीपर्यंत रोज हेच चालले. डावा येई, चंदा तो खाई. मग ती तो ओळखू लागली, आणि पुढे पुढे तो चुकवून आत शिरू लागली.

चाचणीला सगळी तालीम गेली. शेवटच्या लढतीत चंदासमोर एक उंच, लांब हातांची मुलगी होती. पहिल्याच फेरीत तिचा सणसणीत डावा चंदाच्या तोंडावर बसला. वस्तादांनी डोळे मिटले, कारण दरवर्षी इथेच सगळे संपत असे. त्यांनी डोळे उघडले तेव्हा चंदा उभी होती. नुसती उभी नव्हे. मान हलवत, पाय नाचवत पुढे सरकत होती. पुन्हा डावा आला. ती त्याच्याखालून वाकून आत शिरली आणि बरगडीवर दोन, हनुवटीवर एक असे ठेवून बाहेर आली. प्रेक्षकांतून एक बाई बाकावर चढून घसा फोडून ओरडत होती, "अजून! अजून दे, चंदा!" शेजारचे लोक दचकून पाहत होते. ती प्रणिता होती.

पंचाने चंदाचा हात वर केला तेव्हा वस्तादांच्या मिशा ओल्या झाल्या होत्या, आणि त्यांनी त्या पुसल्याही नाहीत. चंदा रिंगणातून उतरली. भुवई सुजलेली, ओठ फुटलेला. गर्दी तिला उचलायला धावली, ती सगळ्यांना बाजूला सारत थेट प्रणितापाशी आली आणि धापा टाकत म्हणाली, "ताई, तिचा डावा तुमच्याहून लय हलका होता!"

प्रणिताला रडू कोसळले. तिच्या हाताला आयुष्यात पुष्कळांनी हलका म्हणून वाखाणले होते. आज कुणीतरी त्याला जड म्हटले होते, आणि याहून मोठी शाबासकी तिला कधी मिळाली नव्हती.

ज्याचा उत्कर्ष व्हावा असे मनापासून वाटते, त्याच्यापुढे आपण आपली अर्धीच शक्ती घेऊन उभे राहू नये.