हरकत घेईल तो हरला

पैलवाडी उठवायची की जाळायची, एवढ्यावरच काय ते कोतवालपदाच्या दोन उमेदवारांचं अडलं होतं.

पैलवाडी म्हणजे नदीपलीकडची नावाड्यांची तीस घरं. त्यांतलं एक येसूचं. चार दिवस ती चावडीसमोर पहिल्या रांगेत बसून सगळं ऐकत होती.

धारराव महाराजांनी यंदाचा कोतवाल रयतेतून निवडायचं ठरवलं, इथवर ठीक होतं. पण मतं मोजत बसायचा त्यांना भारी कंटाळा. म्हणून त्यांनी नियम काढला. उमेदवारांनी चावडीच्या ओट्यावरून आपण काय काय करणार ते सांगावं, आणि दुसऱ्याचं ऐकून ज्याच्या तोंडून ‘हे फार होतंय’ निघेल तो हरला! दिवाणजींनी समजावून पाहिलं. पण महाराजांनी एकदा मनात घेतलं की संपलं.

पहिल्या दिवशी जकात नाक्याचे अंमलदार आबाजी खुटवळ उभे राहिले. धान्याचे व्यापारी विसाजीपंत धोंगडे यांच्याकडे रोखून बघत ते म्हणाले, “काटा मारणाऱ्या दुकानदाराचा हात मनगटापासून तोडीन!”

विसाजीपंत शांतपणे उठले. “चिरीमिरी खाणाऱ्या अंमलदाराचा मी खांद्यापासून तोडीन!”

दोघांनी एकमेकांना हसून दाद दिली. लोकांनीही टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी भिकारी हद्दपार झाले, आणि त्यांना भीक घालणारेही. तिसऱ्या दिवशी भुंकणाऱ्या कुत्र्यांना फटके ठरले, मग कुत्र्यांच्या मालकांना. चौथ्या दिवशी शत्रू कमी पडू लागले, तेव्हा दोघांना पैलवाडी आठवली.

येसू उठून उभी राहिली. “म्हाराज, ह्यातलं कुनीबी निवडून आलं तरी आमची घरं जानार. आमी काय करावं?”

“तूही उभी राहा की!” महाराज म्हणाले. “एकदाच बोल, आणि या दोघांच्याही तोंडून ‘हे फार होतंय’ काढून दाखव. नाही जमलं, तर उद्या सकाळी पैलवाडी खाली!”

येसूच्या बापाने कपाळाला हात लावला. तीस घरं जाळायच्या गोष्टीवर जे माना डोलवत होते, त्यांना आणखी काय फार वाटणार?

येसू ओट्यावर चढली. “एक इचारते, म्हाराज. ह्यांनी हरकतच घेतली न्हाई, तर माझं बोलनं लागू व्हनार का?”

“तत्काळ! आमच्या शिक्क्यानिशी!”

“मग ऐका. मला कोतवाल केलं, तर मी माझ्या मनचं कायबी करनार न्हाई. ह्या दोघांनी चार दिसांत जे जे सांगितलं, तेवढंच करीन. सांगितलं त्याच क्रमानं. आत्तापासनं.”

इतकं भलतंसलतं आजवर कुणीच बोललं नव्हतं.

विसाजीपंत कसेबसे हसले. “अगं पोरी, त्यात तुझी पैलवाडीही आली!”

“आली की! पन ती चौथ्या दिसाची. पैल्या दिसाचा काटा हाय. पंत, तुमच्या दुकानातनं वजनं मागवू का?”

पंतांचा उजवा हात आपोआप उपरण्याखाली गेला. ते पाहून आबाजींना आनंदाच्या उकळ्या फुटल्या. तेवढ्यात येसू त्यांच्याकडे वळली.

“अंमलदारसायेब, नाक्यावरच्या गाडीवाल्यांना बोलावनं धाडते. तवर खांदा कंचा ते सांगून ठेवा. डावा का उजवा?”

आबाजी गडबडले, आणि सवयीने वरची बोली बोलून गेले, “मी… मी तर दोन्ही हात तोडीन!”

“कारकूनदादा, लिवून घ्या. दोन्ही.”

“अहो, लिहू नका!”

कारकुनाने लिहिलं. महाराजांनी शिक्का मागवला. शिपाई लाख वितळवू लागला.

“हे फार होतंय!” विसाजीपंत ओरडले.

“फारच होतंय!” आबाजी त्यांच्याही वरच्या पट्टीत ओरडले. चार दिवसांत दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं.

महाराज असे हसले, असे हसले, की दिवाणजींना त्यांची पगडी धरून बसावं लागलं. हसू ओसरल्यावर त्यांनी त्याच लाखेवर सनद करून दिली. पैलवाडी आणि तिचा घाट नावाड्यांकडे, पिढ्यान् पिढ्या! कोतवालाचा चांदीचा दंडही येसूच्या हाती आला.

“बरं, कोतवालीणबाई,” महाराज डोळे पुसत म्हणाले, “पहिलं काम काय करणार, ते सांगा की लोकांना ओट्यावरून!”

येसू ओट्यावरून खाली उतरली.

“आदी करते, म्हाराज. सांगायचं मागनं बघू.”

आणि महाराजांना पुन्हा हसू फुटलं.