शिंपिणीचा कापूस

एक होती शिंपीण. एवढीशी. पाठ हिरवी, टोपी तांबडी, शेपूट सदा वर. पाखरूच ते, पण चोचीने पानं शिवायचं. तिने झुडपातली दोन पानं शिवली, झालं घर. आता अंडी घालायची होती. आजच. पण घर आतून टोचत होतं. म्हणून तिने सावरीचा कापूस आणला, कुंपणावर ठेवला आणि पाणी प्यायला गेली.

आली, तर कापूस नाही.

कापूस होता सगुणाआत्याकडे. आत्या अंगणात बसून कापडाचं शेत शिवत होती. जुन्या लुगड्याचं आभाळ, काथ्याचं झाड, भोपळ्याच्या बियांची फुलं. आभाळात एक ढग. तोच कापूस!

शिंपीण बघतच राहिली. किती सुंदर शेत ते. मग तिला अंडी आठवली.

टुणुक टुणुक शिंपीण गेली आत्याकडे.

"आत्या, आत्या, कापूस दे. कापूस मला, मऊ घर बाळाला."

"अगं बाई, तुझा होता होय? मला वाटलं, वाऱ्याने आणला," आत्या म्हणाली. "पण माझा एक नेम आहे. टाका उसवला, तर जागा रिकामी ठेवायची नाही. आधी कोंबडीचं पांढरं पीस आण. त्याचा ढग करीन."

टुणुक टुणुक शिंपीण गेली कोंबडीकडे.

"मावशी, मावशी, पीस दे. पीस आत्याला, कापूस मला, मऊ घर बाळाला."

"कुक् कुक्. उपाशीपोटी मी काही देत नाही. आधी दाणे आण."

टुणुक टुणुक शिंपीण गेली ज्वारीकडे.

"ताई, ताई, दाणे दे. दाणे कोंबडीला, पीस आत्याला, कापूस मला, मऊ घर बाळाला."

"सळसळ सळसळ. तहान लागली गं. मान वाकत नाही. आधी पाणी आण."

शेतात पाणी आणतो पाट. टुणुक टुणुक शिंपीण गेली पाटाकडे.

"दादा, दादा, पाणी दे. पाणी ज्वारीला, दाणे कोंबडीला, पीस आत्याला, कापूस मला, मऊ घर बाळाला."

"डुबुक डुबुक. येऊ कसा? खेकड्याने चिखलाची भिंत घातली. आधी वाट आण."

टुणुक टुणुक शिंपीण गेली खेकड्याकडे.

"काका, काका, वाट दे. वाट पाटाला, पाणी ज्वारीला, दाणे कोंबडीला, पीस आत्याला, कापूस मला, मऊ घर बाळाला."

"भिंत पाडू? मग सावली कुठली? डोकं तापतं माझं. आधी छत्री आण."

छत्री? शिंपिणीने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. आता कुणाकडे जायचं?

कुणाकडेच नाही. शिवणं तर तिच्याच चोचीत होतं.

तिने दोन मोठी पानं घेतली. कोळ्याचा धागा घेतला. टुच टुच टुच. झाली छत्री.

खेकड्याने डोळे फिरवून फिरवून पाहिलं. "काय टाका आहे," तो म्हणाला. मग तिरका तिरका चालत छत्रीखाली गेला. जाता जाता भिंत पाडली. फस्स.

छत्री खेकड्याला, वाट पाटाला. पाणी आलं खळखळ खळखळ.

पाणी ज्वारीला. ज्वारी डुलली, दाणे पडले टपटप टपटप.

दाणे कोंबडीला. कोंबडीने पंख झटकले फडफड फडफड. पडलं एक पांढरं पीस.

पीस आत्याला. आत्याने टाका उसवला, तिथे पीस लावलं. ढग पहिल्याहून छान झाला. तिने कापूस शिंपिणीला दिला, वर तांबडा दोराही दिला.

कापूस शिंपिणीला, मऊ घर बाळाला.

चार दिवसांनी आत्या चष्मा लावून झुडपापाशी गेली. शिंपीण कापसात बसली होती. पोटाखाली तीन अंडी. पानांवर तांबड्या दोऱ्याचे टाके, एकेक बारीक.

"चाळीस वर्षं शिवतेय मी," आत्या हळूच म्हणाली. "असा टाका मला अजून नाही जमला."

शिंपिणीने शेपूट आणखी वर केली.

दोरा सरला, गाठ मारली,
गोष्ट आमची शिवून झाली.