संयूचा गुडघा आणि अक्कांची दोरी

“...मग यातला कुठला घालू, अक्का? एकदाचं सांगा की!”

संयूने मैदानाच्या मधल्या पट्टीवर तीन वस्तू ओळीने मांडल्या होत्या आणि कमरेवर हात ठेवून ती उभी होती.

पहिला गुडघ्याचा पट्टा काळाकुट्ट, दोन्ही बाजूंना लोखंडी सळ्या आणि बिजागऱ्या. दुसरा साधा, मोज्यासारखा पायातून वर चढवायचा. तिसरी तर नुसती दोन बोटं रुंदीची पट्टी, गुडघ्याच्या वाटीखाली आवळायची.

सांगलीच्या दुकानदाराने तिन्ही बघायला दिले होते. बसेल तो ठेवा, उरलेले उद्या परत करा.

चंपाक्का मगदूम चुन्याच्या डब्याशेजारी उकिडव्या बसून आखणीची दोरी उलगडत होत्या. वय सत्तरच्या पुढं. वारणाकाठच्या आमच्या गावात गेली चाळीस वर्षं त्या पोरींना खो-खो शिकवतात. मी त्यांचा शिट्टीवाला. शाळेतून रिटायर होऊन जमाना झाला, तरी पोरी मला मास्तरच म्हणतात. माझं काम शिट्टी फुंकायचं आणि बाकी वेळ गप्प बसायचं. पहिलं जमतं.

“तुला कुठला आवडला?” अक्कांनी दोरीवरची नजर न काढता विचारलं.

“हा काय, लोखंडी!” संयूने तो उचलून छातीशीच धरला. “याच्यात गुडघा हलणारसुद्धा नाही.”

“हलणारसुद्धा नाही?”

“म्हणजे... नको तसा हलणार नाही.”

“बरं. घाल आणि धाव.”

खरं सांगतो, संयोगिता भोकरे धावायला लागली की हातातलं काम राहतं. दोन महिन्यांपूर्वी खांबावर सूर मारताना उजव्या पायावर वेडीवाकडी पडली, गुडघ्याचं लिगामेंट ताणलं, तुटता तुटता वाचलं. तेव्हापासून मैदान बंद. आज लोखंड बांधून दोन्ही खांबांना वळसा घालून आली आणि धापसुद्धा लागली नाही पोरीला.

“बघितलंत, मास्तर?”

तिला ठाऊक होतं, मी बघणारच. अख्खा तालुका बघतो. तोच तर घोटाळा आहे.

“छान,” अक्का म्हणाल्या. “आता बस.”

“कुठं?”

“कुठं म्हणजे? चौकोनात. नऊ जणींतल्या आठ जणी कुठं असतात गं?”

चौकोनात बसायचं म्हणजे उकिडवं, हात जमिनीला टेकून. पाठीवर थाप पडून ‘खो’ ऐकू आला की तिथून उसळायचं.

संयू बसायला गेली. डावा पाय दुमडला. उजव्याची बिजागरी अर्ध्यातच अडली. मग तो पाय तिरका बाहेर, कंबर वर, हात कसेबसे जमिनीला.

“अर्धं बसलं तरी चालतं,” ती म्हणाली.

अक्का तिच्या पाठीमागं जाऊन उभ्या राहिल्या. खो काही देईनात.

एक मिनिट गेलं... दोन गेली...

“मास्तर, आज चहा कुणाकडं?” अक्कांनी मला विचारलं.

“तुम्ही म्हणाल तिकडं.”

“कालच्यासारखा पांचट नको हां. कालचा चहा होता की भांडी विसळलेलं...”

संयूच्या कपाळावर घाम आला. तिने डाव्या पायावर भार टाकला, मग उजव्यावर, मग परत डाव्यावर.

“...पाणी होतं ते... खो!”

थाप बसली आणि आमची वाऱ्याशी शर्यत लावणारी पोरगी धप्पकन बुडावर बसली.

मी सवयीने शिट्टी फुंकली. मग हसू आवरेना म्हणून तोंड फिरवलं.

“मास्तर, हसू नका!”

“मी कुठं हसतोय? शिट्टीत माती गेलीय.”

“दुकानात घालून बघितलास ना?” अक्कांनी विचारलं.

“बघितला की. समोरच्या रस्त्यावर दोन चकरा मारल्या. लोक थांबून बघत होते.”

“आणि बसून?”

संयू हाफपँटची माती झटकत राहिली. बराच वेळ झटकली.

मग तिने लोखंड सोडलं आणि मोज्यासारखा पट्टा ओढून ओढून वर चढवला. चढवताना दात-ओठ खाल्ले. अक्कांनी वाकून त्याच्या काठात बोट घालायचा प्रयत्न केला.

“माझी करंगळीसुद्धा जाईना.”

“घट्ट असला की आधार जास्त.”

“असं दुकानदार म्हणाला?”

“नाही... त्याने पाय मोजून मोठा नंबर दिला होता. मीच बदलून घेतला.”

“पायाची बोटं काय म्हणतात?”

संयूने बुटात बोटं हलवून बघितली. “मुंग्या आल्यात.”

“काढ बाई, काढ.”

उरली ती पट्टी. संयूने ती हातात घेतली, पण बांधायला धजेना.

“ही वाटीखाली ठणकणाऱ्यांसाठी. तुझं कुठं दुखावलं?” अक्कांनी विचारलं.

“बाजूला. आतल्या अंगाला.”

“मग ही कशाला आणलीस?”

“...छान दिसते.”

या वेळी अक्काच हसल्या. इतक्या हसल्या की डोळ्यांना पदर लावावा लागला.

तिथंच संयूचा बांध फुटला.

“तुम्हाला हसू येतंय! रविवारी पलीकडच्या गावाशी ढालीची मॅच आहे, मी नसले तर सलग तिसऱ्यांदा ढाल जाणार. आणि दीड महिन्याने जिल्ह्याची निवड. माझं ज्युनियरचं शेवटचं वर्ष, अक्का! या वर्षी राहिले तर राहिलेच. मी तुमच्याकडं पट्टा विचारायला आले, तुम्ही माझी चेष्टा लावलीय!”

ती पाठ फिरवून उभी राहिली. खांदे हलत होते. मघाशी उगाच शिट्टी फुंकली असं मला झालं. पोर बारा वर्षांची असल्यापासून बघतोय, रडताना पहिल्यांदाच बघत होतो.



अक्का हातातली दोरी घेऊन तिच्यापुढं गेल्या.

“सरळ उभी राहा. दोन्ही पायांवर.”

डाव्या गुडघ्याच्या वर चार बोटं मोजली, तिथं मांडीला दोरी गुंडाळली, जिथं पुरली तिथं गाठ मारली. मग दोरीच्या त्याच टोकापासून उजव्या मांडीला. दुसरी गाठ.

दोरी ताणून त्यांनी संयूच्या डोळ्यांपुढं धरली.

दोन गाठी एका जागी नव्हत्या. मधे अंगठाभर अंतर होतं. उजव्या मांडीचं माप तेवढं कमी भरलं होतं.

मैदान आखायची दोरी ती. चाळीस वर्षं चौकोन आखले तिने, कधी खोटं बोलली नाही.

“उद्या दुकानात जाशील तेव्हा विचार,” अक्का म्हणाल्या. “एवढं मिळतं का?”

संयू त्या अंगठाभर दोरीकडं बघत राहिली. मग पिशवीजवळ गेली, आतून घडी घातलेला कागद काढला. डॉक्टरांचा होता. तिने तो आधी मनात वाचला, मग मोठ्याने.

“आधारासाठी गुडघ्याला पट्टा वापरावा.”

“हं.”

“...मांडीचा व्यायाम रोज दोन वेळा. दोन्ही मांड्या सारख्या भरेपर्यंत सामना खेळू नये.”

“हे आज लिहिलं त्यांनी?”

“नाही, अक्का.”

“किती दिवस केलास?”

“...नऊ.”

“का सोडलास?”

“दुखायचं थांबलं.”

वर झाडावर साळुंक्यांचा गलका चालला होता. संयूने कागदाची परत घडी घातली.

“मास्तर,” संयू माझ्याकडं न बघता म्हणाली, “रविवारच्या यादीतून माझं नाव काढा.”

मी अक्कांकडं बघितलं. त्या दोरी गुंडाळत होत्या. मी यादी काढली, पेन काढलं आणि नावावर रेघ मारली.

“आणि यातला कुठलाच नको ना?” संयूने तिन्ही पट्टे गोळा केले.

“कुणी सांगितलं नको म्हणून? मोज्यासारखा चांगलाय. दुकानदाराने दिला होता तो नंबर आण. काठात दोन बोटं सहज जायला हवीत. तिथंच दहा मिनिटं चौकोनातल्यासारखी बस, मग धाव. आणि डॉक्टरांना दाखव, हा चालेल का म्हणून.”

“आणि घालू?”

“आण. माझ्याकडं ठेवायला दे.”

“तुमच्याकडं? अक्का, गुडघा तर माझा आहे!”

अक्कांनी चुन्याचा डबा उचलला आणि त्या मैदान आखायला निघून गेल्या.

पट्टा आला. डॉक्टरांनी पसंत केला. दोन बोटं जाणारा, दहा मिनिटं बसून बघितलेला. दुकानात खाली फरशीवर उकिडवं बसलेलं गिऱ्हाईक त्या दुकानदाराने आयुष्यात पहिल्यांदा बघितलं असणार. अक्कांनी तो आपल्या कापडी पिशवीत टाकला, पानाच्या चंचीखाली.

रविवारी संयू आमच्या शेजारी रेषेबाहेर बसली. घसा बसेस्तोवर ओरडली. आणि गंमत बघा, आमच्या पोरी जिंकल्या! ढाल घरी आली. सगळ्यांत जास्त उड्या संयूने मारायला बघितल्या, मी खांदा धरून खाली बसवली.

उतरत्या उन्हात परत येताना मात्र सगळ्यांच्या मागं राहिली.

“काय झालं गं?” मी विचारलं.

“मी नसताना जिंकल्या, मास्तर.”

“मग वाईट वाटलं?”

“लई वाटलं,” ती म्हणाली आणि आपली आपणच हसली.

दुसऱ्या दिवसापासून रोज पहाटे मैदानावर. भिंतीला पाठ लावून खुर्चीवर बसल्यासारखं बसणं. पाय ताठ ठेवून उचलणं. देवळाच्या पायऱ्या हळू चढणं आणि त्याहून हळू उतरणं. घरी दात घासतानासुद्धा एका पायावर उभी राहते अशी तिच्या आईची तक्रार होती, पेस्ट सगळीकडं उडते म्हणून.

रोज व्यायाम झाला की ती अक्कांपुढं हात पसरायची.

“आज देता पट्टा?”

“नाही. आधी मांडीला काम करू दे.”

“उद्या?”

“उद्याचं उद्या.”

दर सोमवारी दोरी निघायची. डाव्याची गाठ होती तिथंच. उजव्याची सुटायची आणि थोडी पुढं सरकून परत बसायची. अंगठाभराचं करंगळीभर झालं. एका सोमवारी काहीच सरकलं नाही, तेव्हा संयू दिवसभर कुणाशी बोलली नाही. अक्का म्हणाल्या, “जेवलीस का नीट?” बस्स, एवढंच.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात कधीतरी पोरीने हात पसरायचं थांबवलं. नेमकं कधी, ते माझ्याही लक्षात आलं नाही. भिंतीला बसून ती मला शेजारच्या लग्नाच्या गमती सांगायची आणि मला घड्याळ बघून तिला ऊठ म्हणावं लागायचं.

निवडीच्या आधीच्या सोमवारी अक्कांनी दोरी ताणली. मी चष्मा पुसून परत बघितलं. गाठीवर गाठ बसली होती.

मी शिट्टी फुंकली. लांब, दम संपेपर्यंत. कुणी काही म्हणालं नाही.

त्याच दुपारी डॉक्टरांनी गुडघा चारी बाजूंनी दाबून, वाकवून बघितला आणि म्हणाले, खेळ.

निवडीच्या दिवशी सकाळी जिल्ह्याच्या मैदानावर आम्ही सगळ्यांत आधी. संयूने अंग गरम केलं. मग आपली आपणच चौकोनात जाऊन बसली, पूर्ण, दोन्ही टाचांवर सारखी. अक्का पाठीमागं उभ्या. खो देईनात.

एक मिनिट... दोन...

“मास्तर, इथला चहा कसा असतो?” हे अक्कांनी विचारलं नाही. संयूने विचारलं, बसल्या बसल्या!

“खो!”

उठली कधी ते दिसलंच नाही. दिसली ती थेट खांबाजवळ. वळली, परत आली, अक्कांसमोर थांबली. तोंडभर हसू.

“काही नाही, अक्का! गुडघा आहे हेसुद्धा आठवलं नाही.”

आत नावं पुकारायला सुरुवात झाली होती. अक्कांनी कापडी पिशवीत हात घातला, पानाची चंची बाजूला केली आणि तो पट्टा काढून तिच्यापुढं धरला.

संयू बघतच राहिली.

“आता कशाला, अक्का? आता तर मला याची गरजच नाही.”

“म्हणून तर देते,” अक्का म्हणाल्या.