आठव्या रकान्याचा साप

विषय : नदीघाटावरील नावप्रमुखाच्या रिक्त जागेसाठी गोजरा भिवा नावाडी हिचा अर्ज.
संदर्भ : सदर अर्जाच्या चौकशीत राज्यावरून उतरलेला शाप.

उपरोक्त विषयी हकीकत अशी :

एका राज्यात, ज्याचे नाव दप्तरात लिहायचे राहून गेले, धीरसेन नावाचा राजा होता. नावात होता तेवढाच धीर त्याच्यापाशी होता. त्या राज्यात नोकरीच्या अर्जाला आठ रकाने असत. सातांत विद्या, कसब, गुरूचे नाव, दाखले असे सगळे येई. आठवा रकाना 'इतर गुण' म्हणून असे. तो कोरा सोडावा, आणि कोणी भरलाच तर कारकुनाने त्यावर तांबडी रेघ ओढावी, असा शिरस्ता होता. तो कोणी घातला हे कोणालाच ठाऊक नव्हते. म्हणून तो मोडावा कोणाला विचारून, हेही ठाऊक नव्हते.

बारा वर्षांपूर्वी जोगनाथ नावाचा जादूगार दरबारी मांत्रिकाच्या जागेसाठी आला. डोंगर सरकवणे, ढग बांधणे वगैरे सात रकान्यांत बसले. आठव्यात त्याने लिहिले : 'समोरच्याचे पुरते ऐकतो. चौघांत मिळून काम करतो. चुकलो तर कबूल करतो.' त्यावर रेघ पडली. जोगनाथ शांतपणे म्हणाला, "जे इथे खोडले, ते या राज्यातून खोडले गेले. 'रेघ मी ओढली' असे ओढणारा आपल्या तोंडाने जेव्हा सांगेल, तेव्हाच ते परत मिळेल."

रेघ कागदावरून उतरली, तांबडा साप झाली, आणि दप्तरखान्यात अर्जांच्या पेटीला वेटोळे घालून बसली. जोगनाथ निघून गेला. त्याचा अर्ज फेटाळल्याची नोंद मात्र त्याच दिवशी झाली.

तेव्हापासून राज्यात विद्या उदंड होती आणि काम होत नव्हते. कबुली देण्याचा गुणच पेटीत गेल्यामुळे कबुली कोण देणार? चौकशी समिती नेमली गेली. तिचे प्रमुख दप्तरदार त्र्यंबकपंत होते. अकरा कारकुनांनी एकमेकांकडे बोट दाखवले, आणि पंतांनी ती सगळी बोटे व्यवस्थित नोंदवली. दप्तरखान्याच्या साळुंकीने सगळे पाहिले होते. पण तिचे वाक्य पुरे होईपर्यंत कोणी थांबत नसे.

गोजरा शापातून सुटली, कारण राज्याची हद्द नदीच्या मधोमध जाई, आणि शाप पडला तेव्हा ती एकटीच होडीत हद्दीच्या पलीकडे दीड हात होती. तिचा बाप भिवा हा नावप्रमुख. त्याची नजर गेली. आषाढाच्या पुराआधी नवा प्रमुख नेमायचा होता. दुसरा कोणी आला तर घाटावरचे घर सोडावे लागणार होते. पण तिला खरी भीती निराळीच होती. बारा वल्हेकरी बारा दिशांना वल्ही मारत, आणि तिच्या एकटीच्या हाकेने ते जुळत. दाखलेवाला अनोळखी माणूस सुकाणूवर बसला, तर पहिल्याच पुरात नाव तळाशी जाणार होती.

तिचे सात रकाने कोरे होते. आठव्यात एक ओळ होती : 'मी हाक दिली की बारा वल्ही एकदम पडतात.'

पंतांनी तांबडा बोरू उचलला, पेटीकडे पाहिले, आणि बोरू खाली ठेवून अर्ज राजाकडे पाठवला. राजा म्हणाला, "दाखले नाहीत त्याला तीन कामे. शिरस्ता आहे."

पहिले काम वैद्यशाळेत. एका गवळ्याला उचकीबरोबर ठिणग्या येत. चार वैद्यांनी चार काढे दिले होते, आणि प्रत्येक काढा दुसऱ्या काढ्यावर उतारा होता. गोजरा वैद्यकातले काही जाणत नव्हती. ती गवळ्याजवळ बसली आणि म्हणाली, "दादा, पहिल्यापासून सांगा." त्याने मेहुण्याच्या लग्नापासून सुरुवात केली. तिने मेहुणा ऐकला, वरात ऐकली, हरवलेली म्हैस ऐकली. सूर्य कलला तेव्हा गवळी म्हणाला की, म्हैस शोधताना तहान लागली म्हणून राजाच्या बागेतल्या निखाऱ्याच्या झाडाचे एक फळ खाल्ले. त्या फळावर ताक हा उतारा आहे, हे चारही वैद्यांना पाठ होते. फळ खाल्ले का, एवढे विचारायचे राहिले होते.

दुसरे काम बुरुजावर. दोन गवंडी दोन बाजूंनी भिंत बांधत होते, आणि मध्ये बैल जाईल एवढी फट पडली होती. दोघे निष्णात होते. दोघांच्या मते फट समोरच्याची होती. कोण चुकले हे गोजराने विचारले नाही. सुताचे एक टोक तिने एकाच्या हातात दिले आणि दुसऱ्याला म्हणाली, "बाबा, हे दुसरं टोक जरा धरता का? माझा हात पोचत नाही." सूत ताणले गेले. दोघांनी ते पाहिले आणि दोघांनी एकेक थर उतरवला.

तिसरे काम पेटी उघडण्याचे.

दप्तरखान्यात पंत सापापासून चार हातांवर बसून लिहीत होते. बारा वर्षांत दोघांना एकमेकांची सवय झाली होती. वर न पाहता ते म्हणाले, "बाई, हा साप आस्थापनेवरचा आहे. त्याला हलवायला मंजुरी लागते."

"हलवायला नाही आले. पाय दुखले म्हणून बसते."

ती बसली. बऱ्याच वेळाने, कोणी विचारले नसताना, ती सांगू लागली. मागल्या साली तिच्या हातून होडी खडकावर गेली. खडक तिला दिसला होता. तिला वाटले, निघेल बाजूने. दोन शेळ्या वाहून गेल्या, म्हातारीचे गाठोडे गेले.

"मग कोणावर ढकललंत?" पंतांनी विचारले.

"धुकं होतंच पंत, धुक्यावर ढकलता आलं असतं. पण उद्या परत त्याच वल्हेकऱ्यांना हाक द्यायची होती."

बोरू थांबला. सापाने डोके वर काढले.

"रेघ मी ओढली," पंत म्हणाले. "वाचून ओढली. पट्टी लावून, सरळ."

गोजरा ऐकत होती. तिला ते येत असे.

"वाटलं, असा माणूस आत आला, तर आमच्याकडे कोण पाहील? आणि माझ्याही आठव्या रकान्यावर ओढलीच होती की कोणीतरी. विशीत होतो. काय लिहिलं होतं, तेही आता आठवत नाही."

वरच्या फळीवरून साळुंकी बोलली. या वेळी तिला कोणी तोडले नाही. "'शिकायची तयारी आहे,'" ती म्हणाली. "अक्षर चांगले होते."

पंतांनी उपरण्याच्या टोकाने डोळे पुसले. साप बारीक होत होत बोटभर तांबडी रेघ झाला. पंतांनी त्याच ओल्या टोकाने ती पुसली. पेटी आपोआप उघडली.

त्या दिवशी वैद्यांनी रोग्यांना "आणखी काय होतं?" असे विचारले. बुरूज जुळला. राजाने साळुंकीला दरबारात बोलावून तिचे बारा वर्षे अडलेले वाक्य पुरे करू दिले. ते 'रेघ पंतांनी ओढली' एवढेच होते. आता त्याचा उपयोग नव्हता. तरी राजाने शेवटपर्यंत ऐकले. जोगनाथाला पत्र गेले. त्याने उत्तर पाठवले की, दुसरीकडे रुजू झालो आहे, कळावे.

यापुढे आठव्या रकान्यावर रेघ ओढू नये असा हुकूम निघाला. पण तो रकाना वाचून पारखायचा कोणी, याची तरतूद हुकुमात नव्हती. पंतांनी गोजराच्या अर्जाखाली आपल्या हाताने 'शिफारस' असे लिहिले, आणि त्याखाली 'मी हे काम जाणत नाही, शिकत आहे' अशी पुस्ती जोडली. शिफारशीवर अभिप्राय मागवले आहेत.

आषाढात पूर आला. पुढील हुकूम होईपर्यंत नाव गोजराकडे आणि घर भिवाकडे ठेवले आहे. म्हातारा नावेच्या टोकाला बसतो आणि कानांनी वल्ही मोजतो. बारा पडतात, एकदम.

अर्ज विचाराधीन आहे.