शिशाचा नगारची

“पण तो त्यालाच का सापडावा, बुवा?”

चेतनपुरी गोसावी मठाच्या ओट्यावर वाळू चाळत बसले होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

“कोण? देव?”

“थट्टा करू नका. नगारची! शिशाचा नगारची. निळूला सापडला.”

“बरं झालं की.”

मल्हार इंगवल्याच्या अंगाचा तिळपापड झाला. हिरण्यकेशीच्या काठावरच्या या मठात तो वर्षानुवर्षं येत होता, तो असली उत्तरं ऐकायला नव्हे.

या मठाचा नादच जगावेगळा होता. ओट्यावर एक भलामोठा लाकडी पाट असे. त्यात नदीची वाळू पसरायची, ओल्या वाळूचे डोंगर करायचे, धुनीतल्या राखेची नदी ओढायची आणि दोन्ही बाजूंनी बोटाएवढे सैनिक मांडून, फासे टाकत लढाई खेळायची. चेतनपुरींच्या गुरूंनी हे सुरू केलं होतं म्हणे. रविवारी गडहिंग्लजपासून लोक यायचे. नामस्मरणाला येणारे त्याहून कमी.

खेळाचा एक नियम मात्र कडक होता. पाडलेला मोहरा पाडणाऱ्याचा. कायमचा.

त्यामुळे जिवापाड जपलेला मोहरा मठात कुणी आणत नसे. प्लास्टिकचे शिपाई यायचे, दिवाळीच्या किल्ल्यावरचे मातीचे मावळे यायचे, एकाने तर बुद्धिबळातला उंट आणला होता. मल्हारही असाच कचरा घेऊन यायचा. त्याचे खरे स्वार घरी काचेच्या कपाटात असत, हिरव्या मखमलीवर.

ते स्वार म्हणजे मल्हारचा जीव की प्राण. कुणा जुन्या ओताऱ्याने शिशात ओतलेले, प्रत्येक घोड्याच्या पोटाखाली त्रिशूळाची इवलीशी खूण. त्यांचे साचे कधीच मोडीत निघाले होते. रंगाचं दुकान भावाच्या गळ्यात टाकून मल्हारने गावोगावचे बाजार पालथे घातले, परक्यांच्या माळ्यांवर चढला, कुणाकुणाच्या विनवण्या केल्या आणि एकेक स्वार पैदा केला. सगळं पथक जमलं. फक्त पथकाच्या पुढे घोड्यावरून नगारा वाजवत जाणारा तेवढा मिळेना. मखमलीवर त्याची जागा मोकळी होती. मल्हार रोज ती जागा पुसायचा.

आणि हा निळू कुंभोजकर! काल-परवा खेळायला लागलेला पोरगेला माणूस. कुकरची शिट्टी घ्यायला संकेश्वरच्या बाजारात गेला, भंगाराच्या ढिगात हात घातला, आणि...

“शिट्टी घ्यायला गेलता, बुवा! शिट्टी! आणि आता नगारची कुठं ठेवलाय ठाऊक हाय? टीव्हीवर. पोरीच्या केसांच्या क्लिपांत!”

“मग माग की त्याच्याकडं.”

“मागायची वेळच आली न्हाई. तोच म्हणाला, अण्णा, तुमच्या कपाटात शोभंल, घेऊन जावा.”

बुवांची चाळणी थांबली.

“मग?”

“न्हाई घेतला.”

“का?”

“तसा नको.”

“मग कसा हवा?”

मल्हार नदीकडे बघत राहिला. काठावर कुणीतरी म्हैस धूत होतं...

“त्याला सापडायलाच नको होता,” तो शेवटी म्हणाला.

बोलून गेला आणि त्याचं त्यालाच ओशाळं वाटलं. पण खरं तेच होतं. तो जळत होता. घास तोंडात घातला तरी निळूचा हात ढिगात जाताना दिसायचा. निळूकडून फुकट घेतलेला नगारची मखमलीवर मांडला असता, तर जन्मभर तिथे निळूचे दातच दिसले असते. आणि निळूला या जळण्याचा पत्ताही नव्हता. भेटला की बापडा हसून विचारायचा, अण्णा, चहा घेणार?

बुवांनी वाळूतला एक खडा उचलून लांब फेकला.

“लढून घे मग.”

“म्हंजे?”

“निळू येईलच एवढ्यात. नगारची मांड म्हटलं तर मांडंल तो. पाडलास तर तुझा. उपकार न्हाई, काही न्हाई.”

मल्हारचे डोळे चमकले.

“पण तो शिसं मांडणार, तर तूही शिसंच मांडायचं. माती चालायची न्हाई.”

“माझे... स्वार?”

“कपाटातले.”

“दोन-तीन आणतो.”

“सगळे.”

मल्हार उठला, ओटा उतरला, परत चढला, परत उतरला. मग मोटारसायकलला लाथ मारून घरी गेला. तो कपाट उघडताना बायकोने आतूनच विचारलं, “कोण पाव्हणं आलंय?” कारण पाहुण्यांखेरीज ते कपाट कधी उघडत नसे. तो एकेक स्वार फडक्यात गुंडाळत राहिला.

परत आला तेव्हा निळू ओट्यावर मांडी घालून चहा पीत होता. बुवांनी सांगितल्यावर घरून आणलेला नगारची त्याच्या शर्टाच्या खिशातून डोकं बाहेर काढून बसला होता. मल्हारने तिकडे पाहिलं आणि पटकन नजर वळवली.

“अण्णा, खरंच शिशाचे आणले?” निळू चाट पडला. “कशाला वो? पडलेबिडले म्हंजे?”

“मांड तू.”

बुवांनी चिमट्याच्या टोकाने राखेची नदी ओढली. मधोमध थोडी राख फुंकून नदी ओलांडायला उतार केला.

“दिवे लागतील तेव्हा उताराशी ज्याचे मोहरे उभे, त्याची लढाई. बास.”

निळूने आपली खिचडी फौज उताराभोवती उभी केली. मातीचे मावळे, हिरवे प्लास्टिकचे शिपाई, एक मोडक्या भाल्याचा. नगारची कुठे ठेवावा हे त्याला सुचेना. इकडे तिकडे बघून त्याने तो लांबच्या टेकडीवर ठेवून दिला, सोबतीला चार शिपाई दिले.

मल्हार कच्चा खेळाडू नव्हता. उताराच्या डाव्या अंगाला निळूने खिंडार ठेवलं होतं, आंधळ्यालाही दिसलं असतं. तिथून घोडे घातले की लढाई दोन घटकांत निकालात.

मल्हारने घोडे टेकडीकडे वळवले.

“उतार हिकडं हाय,” बुवा म्हणाले.

“दिसतोय.”

गाठी मारलेल्या सुतळीने अंतर मोजलं गेलं, फासे पडले. मल्हारचे पहिले स्वार चढावरच आडवे झाले. निळूने ते उचलून आपल्या बाजूला ठेवले.  त्यांतला पांढऱ्या घोड्याचा स्वार मिळवण्यासाठी तो कागलच्या एका म्हाताऱ्याच्या दारात आठवडाभर बसला होता.

त्याने दुसरी फळी घातली.

टेकडीवर जाताना उतारावरच्या मावळ्यांनी तिला बगलेवरून गाठलं. तीही गेली.

“अण्णा,” निळू कळवळून म्हणाला, “ऱ्हाऊ द्या की. खेळ मोडूया. हे तुमचे...”

“फासे टाक.”

“अवो पण...”

“टाक म्हणतो ना!”

मल्हारला आता स्वार दिसत नव्हते, उतार दिसत नव्हता. दिसत होते ते फक्त दोन इवलेसे नगारे आणि त्यांच्यावर उगारलेले दोन हात. एकेक घोडा जात होता आणि तो पुढचा घालत होता. निळूचे शिपाईही पडत होते. मल्हार ते उचलतसुद्धा नव्हता.

शेवटी एकच स्वार टेकडीच्या माथ्यावर पोचला. फासे मल्हारच्या बाजूने पडले.

“मिळाला!”

त्याने झडप घातली. नगारची मुठीत आला. थंडगार, वजनदार. त्याने तो उलटा करून पाहिला. घोड्याच्या पोटाखाली त्रिशूळ होता. 

निळूने खेळ पुरा करायचा म्हणून फासे टाकले. माथ्यावरचा शेवटचा स्वार पडला. मल्हारने ते पाहिलंही नाही.

मठात दिवा लागला.

“उतार निळूचा,” बुवा म्हणाले.

“असू दे,” मल्हार म्हणाला. मूठ छातीशी धरून तो हसत होता. मग त्याची नजर पाटावर गेली. त्याच्या बाजूला नुसती वाळू होती...

पलीकडे निळू पडलेले स्वार गोळा करत होता. परत द्यायचंच त्याच्या मनात होतं. अण्णांच्या हातात वाळूने माखलेले कसे द्यायचे, म्हणून त्याने पहिला स्वार शर्टाच्या टोकाने पुसला. दुसरा पुसला. पांढरा घोडा दिव्याजवळ नेऊन पाहिला. लगाम, रिकीब, स्वाराच्या मिशा... असं काही त्याने कधी जवळून पाहिलंच नव्हतं.

तो एकेक स्वार ओट्यावर ओळीने लावू लागला. अण्णा समोर बसलेत हे हळूहळू विसरून गेला.

पथक उभं राहिलं. दिव्याच्या उजेडात घोड्यांच्या सावल्या भिंतीवर पडल्या. निळू मागे सरकला, मान तिरकी करून बघत राहिला. मग त्याने पथकाच्या पुढच्या मोकळ्या जागेवर बोट टेकवलं.

बोट तिथून हलेना.

“अण्णा...”

“काय?”

“तो नगारची... द्याल काय?”

मल्हारने मूठ आणखी घट्ट केली.

“न्हाई म्हंजे... तुमाला त्या एकट्याचा काय उपयोग? हितं एकाच्यासाठी सगळं अडलंय बघा.” निळू हसायला गेला, पण ते हसू नेहमीचं नव्हतं. नजर मुठीवर खिळली होती. “मीच शोधला होता ना तो? माझाच होता की.”

मल्हारने तो आवाज ओळखला. रोज रात्री कपाटापुढे उभं राहिल्यावर त्याच्या छातीत बोलायचा, तोच हा आवाज.

आधी त्याला बरं वाटलं. खोटं कशाला सांगा, फार बरं वाटलं. जळू दे लेकाला, एकदा कळू दे.

पण निळूचा चहा कपात तसाच राहिला होता, वर साय धरली होती. पोरीसाठी लवकर घरी जातो म्हणणारा निळू उठायचं नाव घेत नव्हता. त्याच्या तोंडावरची रया गेली होती. मल्हार त्याच्याकडे बघत राहिला आणि त्याच्या अंगावर काटा आला. आता हा जेवणार नाही. आता हा झोपणार नाही.

“बुवा,” तो हळूच म्हणाला, “ह्याला काय सांगू?”

बुवा पाटातली वाळू हाताने सपाट करत होते. टेकडी गेली, उतार गेला.

“दुपारी मी काय सांगितलं असतं, म्हंजे तू ऐकलं असतंस?”

मल्हारने खूप विचार केला...

“काहीच न्हाई.”

“मग तोंड कशाला उघडतोस?” बुवा म्हणाले. “मूठ उघड.”